पहिलीच्या वर्गातल्या काड्या आणि छत्तीसचा आकडा

"कृतियुक्त अध्ययन पद्धतीची इयत्ता पहिलीच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादणुकीवर होणारी परिणामकारकता : एक अभ्यास." पेट पास झाली, गाइड मिळाले आणि सिनॉप्सिस लिहायला बसलात की असं काहीतरी शीर्षक हमखास सुचतं. विषय चांगला आहे, शाळा जवळ आहे, साहित्य स्वस्त आहे. आणि खरं सांगायचं तर निष्कर्षही आधीच माहीत आहे : पद्धत परिणामकारक ठरणार.

आजची पोस्ट या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. ज्याचा निष्कर्ष आधीच माहीत आहे, त्याला संशोधन म्हणायचं का? माझी एम.एस्सी. रसायनशास्त्रात झाली आणि पीएच.डी. शिक्षणशास्त्रात चालू आहे. त्यामुळे प्रयोगशाळेची एक सवय अंगात राहिली आहे. कुणी "परिणाम दिसला" म्हटलं की पहिला प्रश्न येतो : कशामुळे दिसला? पहिलीच्या वर्गातल्या कृतींबद्दल हा प्रश्न आपण फार कमी वेळा विचारतो, असं मला वाटतं. का, ते एका साध्या कृतीवरून बघू.

समजा, सेलू तालुक्यातली एक शाळा

सेलू म्हणजे आपलं वर्धा जिल्ह्यातलं, परभणीचं नाही. इथल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेची पहिली डोळ्यांसमोर आणा. पटावर दहा-बारा लेकरं, आणि बहुतेक त्याच खोलीत दुसरीचा वर्ग. मॅडमनी शेतातून तुराट्या आणल्या आहेत. सारख्या लांबीच्या काड्या कापल्या, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीने बांधले. गठ्ठा म्हणजे दशक, सुटी काडी म्हणजे एकक. पुठ्ठ्याची महागडी पेटी लागत नाही, ऑर्डरही द्यावी लागत नाही. विदर्भात तुराट्या आणि पऱ्हाट्या यांचा तुटवडा कधी पडत नाही.

मॅडम म्हणतात, "त्रेसष्ट दाखव." एक मुलगी सहा गठ्ठे ठेवते, शेजारी तीन सुट्या काड्या ठेवते. शाब्बास! फोटो निघतो, शाळेच्या ग्रुपवर जातो. मग मॅडम म्हणतात, "आता पाटीवर लिही." मुलगी लिहिते : ३६.

हे उदाहरण मी रचलेलं आहे. पण पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, अशी पाटी त्यांनी पाहिलेली असते. आता संशोधक म्हणून सांगा, या मुलीला त्रेसष्ट समजलं की नाही? हाताने बरोबर दाखवलं. तोंडाने बरोबर म्हटलं. पाटीवर उलटं झालं. तुमच्या उत्तरचाचणीत तिला शून्य मिळेल. फोटोत मात्र तिला पैकीच्या पैकी आहेत. दोन्ही मोजमापं अर्धवट आहेत.

हात, जीभ आणि पाटी

पहिलीतल्या मुलाला एकाच संख्येची तीन रूपं सांभाळायची असतात. हातात काड्या, जिभेवर शब्द, पाटीवर अंक. काड्यांची कृती फक्त पहिल्या रूपावर काम करते. ती उरलेल्या दोघांशी जोडली गेली तरच गणित होतं.

आणि इथे मराठीची स्वतःची एक गंमत आहे. पाटीवर आपण ६३ लिहितो, म्हणजे आधी दशक आणि मग एकक. बोलताना मात्र त्रेसष्ट, म्हणजे आधी तीन आणि मग साठ. काड्या मांडताना मूल गठ्ठे आधी ठेवतं, कारण ते मोठे असतात आणि आपणही तसंच शिकवतो. म्हणजे हात आणि पाटी एका दिशेला, जीभ दुसऱ्या दिशेला. दोघांत अक्षरशः छत्तीसचा आकडा. मुलगी ऐकलं त्या क्रमाने लिहीत गेली, आधी तीन मग सहा. तिची चूक बिनडोक नाही. तिच्या चुकीत मराठी भाषेचा नियम आहे.

एकोणपन्नास तर अजून पुढचं प्रकरण. काड्या आहेत चार गठ्ठे आणि नऊ सुट्या. शब्दात मात्र चारही ऐकू येत नाही आणि नऊही नाही. ऐकू येतात "एक" आणि "पन्नास". भाषा वजाबाकी करते आहे आणि मुलाला अजून वजाबाकी यायची आहे. बरं, एकोणीस, एकोणतीस असं करत एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो आणि नव्व्याण्णवला येऊन मोडतो. तिथे परत नऊ आणि नव्वद.

हा मुद्दा महाराष्ट्रात एकदा जोरात गाजला होता. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टसोबत 'साठ तीन' अशी वाचनाची पद्धत आली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं : जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलं अडखळतात. वाद विधानसभेपर्यंत गेला. मराठी वाचणार की बुडणार, यावर भरपूर चर्चा झाली, विनोदही झाले. मूळ प्रश्न, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाची जीभ आणि पाटी जुळवायची कशी, त्या गोंगाटात मागे पडला. 'साठ तीन' आवडो न आवडो, प्रश्न खरा होता. आणि तो संशोधनाचा प्रश्न होता.

इतर भाषांत यावर काम झालेलं आहे. जर्मनमध्येही आपल्यासारखाच एकक आधी बोलतात. २००९ मध्ये झुबर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना ऐकलेल्या संख्या लिहायला सांगितल्या. जवळपास निम्म्या चुका या उलट्या क्रमाशी संबंधित निघाल्या. दुसरं काम आयरीन मिउरा यांचं, १९८८ चं. त्यांनी पहिलीच्या मुलांना ठोकळे दिले, दहाच्या पट्ट्या आणि सुटे एक-एक, आणि संख्या दाखवायला सांगितली. चिनी, जपानी, कोरियन मुलांनी दहाच्या पट्ट्या सहज वापरल्या. अमेरिकन मुलांचा कल सगळे सुटे ठोकळे मोजत बसण्याकडे होता. मिउरा यांनी याचा संबंध भाषेशी लावला, कारण या आशियाई भाषांत अकरा म्हणजे सरळ 'दहा एक'. या देशांच्या शाळा आणि घरंही वेगळी असतात, त्यामुळे सगळं श्रेय भाषेला देता येत नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : साहित्य तेच, कृती तीच, आणि मुलांचे हात मात्र वेगळे चालले.

म्हणून परदेशी पेपरमधली ठोकळ्यांची कृती उचलून सेलूच्या वर्गात ठेवली आणि शीर्षकात फक्त तालुक्याचं नाव बदललं, तर ते संशोधन होत नाही. इंग्रजीत सिक्स्टी-थ्री म्हणताना जीभ आणि पाटी एकाच दिशेने जातात. आपल्याकडे जात नाहीत.

वस्तू स्वतःहून काही शिकवत नाही

"हाताने केलं की डोक्यात शिरतं" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की ते तपासायची गरजच वाटत नाही. ते पूर्ण खरं नाही, याचा एक सुंदर पुरावा मानसशास्त्रात आहे.

ज्यूडी डिलोश यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग मांडला. एका खोलीची हुबेहूब छोटी प्रतिकृती केली. मुलासमोर छोटं खेळणं प्रतिकृतीत लपवायचं आणि सांगायचं, मोठं खेळणं खऱ्या खोलीत याच जागी आहे, शोध. तीन वर्षांच्या मुलांना बहुतेक जमायचं, अडीच वर्षांच्यांना क्वचित. पुढच्या प्रयोगांत त्यांनी तीन वर्षांच्या मुलांना त्या प्रतिकृतीशी आधी थोडा वेळ मनसोक्त खेळू दिलं. त्यांची कामगिरी घसरली! आणि अडीच वर्षांच्या मुलांना प्रतिकृती काचेमागे ठेवून फक्त दाखवली, तर त्यांची सुधारली.

कारण असं. वस्तू एकाच वेळी दोन गोष्टी असते. ती स्वतः एक वस्तू असते आणि दुसऱ्या कशाचं तरी चिन्हही असते. वस्तू जितकी खेळायला मजेदार, तितकं तिला चिन्ह म्हणून बघणं अवघड. डेव्हिड उटल, स्कडर आणि डिलोश यांनी १९९७ मध्ये हाच विचार गणिताच्या साहित्याला लावला. तुराटीची काडी मुलासाठी आधी तलवार असते, मग बासरी असते. ती 'एक' आहे हे मुलाला कुणीतरी दाखवावं लागतं, आणि एकदा दाखवून भागत नाही.

याचा अर्थ काड्या फेकून द्यायच्या का? अजिबात नाही. २०१३ मध्ये कार्बोनो, मार्ली आणि सेलिग यांनी ५५ अभ्यास एकत्र करून बघितले. साहित्य वापरून शिकणाऱ्यांचा फायदा एकूण लहान ते मध्यम निघाला. पण पोटात शिरलं की चित्र बदलतं. शिकलेलं लक्षात राहण्यावर परिणाम चांगला, नवीन प्रश्न सोडवण्यावर कमी. आणि शिक्षक किती मार्गदर्शन करतात, यावरही बरंच अवलंबून. म्हणजे "साहित्य परिणामकारक आहे का?" हा प्रश्नच ढोबळ आहे. कोणतं साहित्य, कशासाठी, कुणाच्या कोणत्या बोलण्यासोबत, हे विचारायला हवं.

वर्ध्याची जुनी सूचना

हाताच्या कामातून शिक्षण हा विषय वर्ध्यात काढायचा आणि नई तालीम टाळायची, हे शक्य नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते. तिथून झाकीर हुसेन समिती निघाली. तिच्या आराखड्यात शाळेचा दिवस साडेपाच तासांचा होता आणि त्यातले तीन तास वीस मिनिटं मूळ उद्योगाला, म्हणजे सूतकताईसारख्या हस्तोद्योगाला. हा आराखडा सात ते चौदा वयाचा. त्याहून लहान मुलांसाठी पूर्व-बुनियादीचा विचार सेवाग्रामला नंतर, १९४५ च्या सुमारास, आकाराला आला.

आपल्याकडे नई तालीमचा उल्लेख प्रस्तावनेत एक परिच्छेद आदरांजली म्हणून येतो आणि संपतो. पण त्या समितीचा अहवाल मुळातून वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. आपल्याच योजनेतला धोका त्यांनी स्वतः नोंदवला होता : उत्पादनावर भर वाढेल आणि शिक्षणाचा हेतू मागे पडेल. सूत किती निघालं हे मोजता येतं. सूत काढताना मूल काय शिकलं, हे मोजायला वेळ लागतो. मोजता येतं तेच मोजलं जातं.

आज पहिलीच्या वर्गात कुणी सूत मोजत नाही. आजचं उत्पादन वेगळं आहे. फोटो, उपक्रमाची नोंद, भिंतीवरचा तक्ता. फोटो गेला की उपक्रम झाला. मी हे शिक्षकांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. एकाच खोलीत दोन वर्ग आणि वरून माहितीची मागणी, यात शिक्षक जे टिकतं ते करतात. दोष आपल्यासारख्या संशोधकांचा जास्त आहे. फोटोच्या पलीकडे बघायचं काम आपलं, आणि आपणही 'विद्यार्थी आनंदाने सहभागी झाले' एवढंच लिहून परततो.

आपल्या प्रबंधांत कुठे गळती होते

नेहमीची रचना तुम्हाला पाठ असेल. तुकडी अ प्रायोगिक गट, तुकडी ब नियंत्रित गट. अ ला संशोधक स्वतः पंधरा दिवस कृतीतून शिकवणार. ब ला नेहमीचे शिक्षक नेहमीसारखं शिकवणार. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-मूल्य सार्थक, शून्य परिकल्पनेचा त्याग.

आता हीच रचना केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नेऊ. एका फ्लास्कमध्ये उत्प्रेरक घातला, तापमान वाढवलं आणि ढवळणाराही बदलला. दुसऱ्या फ्लास्कला हात लावला नाही. पहिल्यात अभिक्रिया जलद झाली, म्हणून उत्प्रेरक चांगला. असा रिपोर्ट दिला तर सर वही परत फेकतील. आपल्या रचनेत तेच होतं. अ गटाला काड्या मिळाल्या, पण नवीन शिक्षकही मिळाला, नवेपणाचा उत्साह मिळाला, बहुतेकदा जास्त वेळ मिळाला आणि चाचणी तयार करणाऱ्यानेच शिकवलं. फरक काड्यांमुळे पडला, हे कशावरून?

आणखी तीन गळत्या. पहिली, दोन तुकड्या म्हणजे खरं तर दोनच एककं. तीस-तीस मुलं धरून काढलेलं टी-मूल्य दिसायला भारदस्त असतं, पण एका वर्गातली मुलं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. दुसरी, उत्तरचाचणी शेवटच्या दिवशी. दिवाळीच्या सुट्टीनंतर काय उरलं, ते कुणी बघत नाही. तिसरी आणि मला सगळ्यात जास्त टोचणारी : चूक ही फक्त चूक म्हणून मोजली जाते. त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारा, ६०३ लिहिणारा आणि ५८ लिहिणारा, तिघांना शून्य. खरं म्हणजे तिघांच्या डोक्यात तीन वेगळ्या गोष्टी चालू आहेत. ३६ वाल्याचा क्रम उलटला. ६०३ वाल्याने साठ आणि तीन नीट ओळखले, फक्त ते एकमेकांत बसवायचं बाकी आहे. ५८ वाल्याचं काय झालं, ते शेजारी बसून विचारावं लागेल. माहिती त्या चुकांमध्ये होती आणि ती आपण बेरजेत हरवली.

मग सिनॉप्सिस कसा लिहायचा?

छोट्या शाळेत मोठा नमुना मिळत नाही, ही तक्रार नेहमीची. बारा मुलांवर टी-टेस्ट लावण्यापेक्षा बारा मुलांशी नीट बोला. कॉन्स्टन्स कामी यांनी वापरलेला एक प्रश्न आहे. मुलासमोर १६ वस्तू ठेवायच्या, मोजायला लावायच्या, आकडा लिहायला लावायचा. मग ६ कडे बोट करून विचारायचं, "हे कुठलं, दाखव." मूल सहा वस्तू दाखवतं. मग १ कडे बोट करून तेच विचारायचं. कितीतरी मुलं एकच वस्तू दाखवतात आणि उरलेल्या नऊ तशाच पडून राहतात. पाच मिनिटांच्या या बोलण्यातून जे कळतं, ते पंचवीस गुणांच्या चाचणीतून कळत नाही.

दुसरी गोष्ट, कृती भाषेतून घडवा. एकोणपन्नासचं उदाहरण घ्या. मुलापुढे पाच गठ्ठे ठेवा, पन्नास. आता म्हणा, यातली एक काडी काढून दे. सुटी काडी तर एकही नाही. गठ्ठा सोडावाच लागतो. सुतळी सुटते, एक काडी बाहेर जाते, नऊ उरतात. चार गठ्ठे आणि नऊ. 'एकोणपन्नास' हा शब्द जे सांगतो, तेच हात करतो. याच मुलाला पुढे हातच्याची बेरीज आणि वजाबाकी येणार आहे, तिथेही हाच गठ्ठा बांधायचा आणि सोडायचा आहे. तसंच त्रेसष्टसाठी : मुलाने ऐकल्याबरोबर आधी तीन सुट्या काड्या उजवीकडे ठेवायच्या, मग सहा गठ्ठे त्यांच्या डावीकडे, आणि त्याच जागांखाली अंक. याने उलट्या क्रमाच्या चुका कमी होतील का? मला माहीत नाही. हीच तर परिकल्पना, आणि ही खोटी ठरू शकते. म्हणूनच ती तपासण्यासारखी आहे.

तिसरी गोष्ट, तुलना बारीक करा. 'कृती विरुद्ध पारंपरिक' ही तुलना सोडून द्या. दोन्ही गटांना काड्या द्या, तेच शिक्षक, तितकाच वेळ. एका गटात काड्या मांडताना शब्द आणि अंक मुद्दाम जोडा, दुसऱ्यात फक्त मांडू द्या. मग बघा. परिणाम लहान दिसेल, कदाचित सार्थक येणारही नाही. पण जे दिसेल ते कशामुळे, हे तुम्ही सांगू शकाल. आणि सहा आठवड्यांनी परत त्या शाळेत जा. सेलूहून एसटी मिळते.

हे एवढं का महत्त्वाचं?

२०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या मुलाने ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्या, असं लक्ष्य आहे. ९९ पर्यंत म्हणजे मराठीतल्या सगळ्या उलट्या, जोडाक्षरी आणि 'एकोण'वाल्या संख्या त्यात आल्या. ज्या मुलाचं दशक इथे सुटतं, त्याला दुसरीत हातचा समजत नाही, तिसरीत तो पद्धत पाठ करतो आणि पाचवीत "गणित आपल्याला जमत नाही" असं स्वतःबद्दल ठरवून मोकळा होतो. त्याच्या नशिबाला पहिली एकदाच येते.

अशा वर्गात जाऊन आपण "कृतियुक्त पद्धत परिणामकारक आढळली" एवढं वाक्य घेऊन परत येणार असू, तर आपण त्या मुलांचे पंधरा दिवस घेतले आणि बदल्यात काही दिलं नाही. शिक्षकाला पद्धतीचं प्रशस्तिपत्र नको असतं. माझी विद्यार्थिनी ३६ का लिहिते आणि उद्या सकाळी मी काय करू, हे तिला हवं असतं.

तेव्हा सिनॉप्सिसच्या शीर्षकातला 'परिणामकारकता' हा शब्द खोडून बघा आणि त्या जागी एक खरा प्रश्न लिहून बघा. गाइडना पटवायला थोडा वेळ लागेल. सुरुवात करायला मात्र एक पाटी, पन्नास तुराट्या आणि थोडी सुतळी पुरते.